उंचवट्यावरचं खाजण

“या जागेला काय म्हणतात?” नागोराव ओरडले.

वारा समुद्रावरून येत होता आणि माणसाच्या तोंडातला शब्द उचलून पार मागे टाकत होता. साठेक पावलांवर काही बायका बोंबील वाळत घालत होत्या. त्यांतली एक सगळ्यांत जवळ उभी होती. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्या दोऱ्यांवर बोंबलांच्या जोड्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला. तिनं हातातली जोडी दोरीवर टाकली, लुगड्याला हात पुसले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि एक शब्द उच्चारला.

“काय?”

तिनं तोच शब्द पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटला आणि लगेच पाठ फिरवली.

“खाजण,” नागोराव म्हणाले आणि टिपणवहीवर वाकले.

मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरून उभा असलेला सुका मनोरकडचा. चार महिने त्यांच्या हाताखाली साखळी ओढत होता आणि गरजेपेक्षा जास्त बोलत नव्हता. आज बोलला. “हितं खाजण, सायेब?”

“बाई म्हणते ना.”

“बाय म्हणते तं म्हणते,” सुका म्हणाला आणि साखळी झटकून पुढे निघाला.

ही गोष्ट १९६३ च्या जानेवारीतली. तिवराळे हे गाव तेव्हा बोईसर स्टेशनपासून टांग्यानं सव्वा तासावर होतं. शेवटचा मैलभर टांगाही जात नसे. चपला हातात घेऊन वाळूतून चालावं लागे. बोईसरला कारखाने नव्हते. स्टेशनाबाहेर दोन टांगे, एक चहाचं दुकान आणि गवताच्या गंजी. रात्री आठनंतर स्टेशनमास्तरांच्या कंदिलाखेरीज उजेड दिसत नसे. किनाऱ्याला काहीतरी मोठं येणार, वीज तयार करणार, असं लोक बोलत. पण त्यासाठी आधी रस्ता हवा होता आणि रस्त्यासाठी आधी मोजणी. म्हणून नागोराव.

नागोराव परभणीकडचे. काळ्या मातीत मोजणी शिकलेला माणूस. तिकडे बांध हलत नाही, विहीर हलत नाही, चाळीस वर्षांपूर्वीचा दगड उकरला तर जागेवर सापडतो. या किनाऱ्यावरच्या कामाच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी रोवलेली खुंटी भरतीनं नेली आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावच्या किनाऱ्यावर आणून टाकली. सुकानं ती ओळखून परत आणली, तेव्हा नागोराव म्हणाले, “लई इमानदार दर्या आहे बा तुमचा. नेलेलं आणून तरी देतो.” सुका म्हणाला, “सगळं नाय देत.”

पालघरला बदली होऊन दोन वर्षं झाली होती. स्टेशनजवळ एक खोली, एक स्टोव्ह, एक खाट. बायको इंदुबाई परभणीला सासूच्या दुखण्यात अडकलेली. दर रविवारी नागोराव तिला पत्र लिहीत आणि पत्रात इकडचे नवे शब्द घालत. ‘तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात उगवणारं झाड. उधाण म्हणजे अमावास्या-पुनवेची मोठी भरती. खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथं शिरतं ती खारी, सखल जमीन.’ खाजण हा शब्द त्यांना विशेष आवडला होता. आपण आता कोकणातले झालो असं त्या शब्दानं त्यांना वाटे. नवा शब्द शिकलेल्या माणसाला तो जिथंतिथं ऐकू येतो.

ती नऊ गुंठे जागा त्यांनी वहीत अशी नोंदवली: ‘खाजण. पोटखराब, अ.’

पोटखराब म्हणजे जमिनीच्या पोटातली पिकाला निकामी जागा. मोजणीच्या कामात तिचे दोन वर्ग. निसर्गानंच निकामी ठेवलेली, म्हणजे खडक, नाला, रेती, ती ‘अ’. माणसांच्या वहिवाटीमुळे नांगर न लागणारी, म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान, ती ‘ब’. एका अक्षराचा फरक. पण ‘अ’वर कुणाचा हक्क नसतो आणि ‘ब’वर सगळ्यांचा असतो.

तिवराळ्यात नागोरावांचा मुक्काम शाळेच्या ओसरीवर असे. आतल्या एकुलत्या एका खोलीत कमलाकांत गुरुजी चार इयत्ता एकदम हाकत. गावच्याच बागायतदार घरातले. चिकूची झाडं भाऊ बघायचा, हे पोरं बघायचे. दुपारी भिंतीपलीकडून आवाज येई:

“भूगोलाच्या शाखा किती?”

“दोन!”

“डोंगर, नद्या, वारे, समुद्र, माती?”

“प्राकृतिक भूगोल!”

“गावं, रस्ते, शेती, व्यापार, लोकांची राहणी?”

“मानवी भूगोल!”

मधल्या सुट्टीत गुरुजी चहाचा तांब्या घेऊन ओसरीवर येत. “मोजणीदार, तुमचं खातं आणि माझा धडा एकच आहे. तुमचा ‘अ’ म्हणजे माझा प्राकृतिक, ‘ब’ म्हणजे मानवी.”

“पोरांना सांगा, तेवढंच नोकरीला उपयोगी पडंल.”

“पण एक सांगा. समुद्रकिनाऱ्यावरची रेती ‘अ’. त्यावर बायकांनी बोंबील घातले की?”

“बोंबील असेपर्यंत ‘ब’,” नागोराव म्हणाले, “आणि मांजरानं नेले की परत ‘अ’.”

गुरुजी खो-खो हसले. असे ते दिवस चालले होते.

महिन्याभरानं रस्त्याची आखणी होऊन नोटीस आली. तलाठ्यानं ती शाळेच्या दाराला चिकटवली आणि गुरुजींनी रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. सर्व्हे नंबर, लांबी, रुंदी. रस्ता किनाऱ्याच्या उंचवट्यावरून सरळ जाणार. “...तसेच रस्त्याच्या आखणीत येणारी, खाजण या नावाची नऊ गुंठे जागा, पोटखराब अ, येथील रेती भरावासाठी उचलण्यात येईल. हरकत असल्यास...” गुरुजी थांबले. चष्मा पुसला, तीच ओळ पुन्हा मनात वाचली आणि ओसरीवरच्या टेबलाकडे वळले.

“मोजणीदार, ही जागा उंचवट्यावर आहे ना? केवड्याचं बन आहे तिथं?”

“हो.”

“मग खाजण कसं असेल? भरतीचं पाणी उंचवट्यावर चढतं का? खाजण बनाच्या मागं, खाली आहे. चौथीतलं पोरसुद्धा सांगेल.”

नागोरावांनी वही काढली. स्वतःचंच टिपण. उंचवट्याच्या रेषा त्यांनीच काढलेल्या, नीट, बारीक. आणि त्यावर आपल्याच अक्षरात लिहिलेलं, खाजण. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टिपणात चूक निघाली नव्हती. ते म्हणाले, “नाव आहे, गुरुजी. नावाला काय उंच-सखल.” पण कानाच्या पाळ्या तापल्या.

लोक पांगले. एक बाई तेवढी अंगणात राहिली. हीच ती बोंबीलवाली, हे नागोरावांना तिनं लुगड्याला हात पुसले तेव्हा कळलं. प्रेमला तिचं नाव. आत्माराम तांडेलाची बायको. पन्नाशीची, काटक, उन्हानं आणि मिठानं करपलेली. ती ओसरीच्या कडेशी आली.

“मी सांगितलं व्हतं तुमाला.”

“काय?”

“नाव सांगितलं व्हतं. दोनदा.”

“तुम्ही खाजण म्हणालात ना मावशी.”

“मी कशाला खाजण म्हणू? माझ्या तोंडाला काय झालंय?” ती फटकन म्हणाली. तिनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी गावचे. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण ते वळून आत गेले. लगेच आत पाढे सुरू झाले, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

प्रेमला पायरीवर बसली.

“दात यायच्या आधी पोर गेलं, तर जाळत नाय. ठावं हाय?”

“आमच्याकडंही तसंच.”

“आमच्याकडं पुरुष दर्यावर असतात. आठ दिस, दहा दिस. मग बायकाच नेतात. वरती, केवड्यात. पुरुष घरी आला आन पाळण्याकडं बघाय लागला, की सांगायचं, निजवलं. तो पुढं इचारत नाय. आमी सांगत नाय. कुठं, कसं, काय नाय. त्या जागेचं नाव बाप्यासमोर घ्यायचं नाय. माझ्या सासूनं घेतलं नाय, तिच्या सासूनं नाय.”

“मग तुम्ही मला...”

“तुमी लांबचे. आन रस्ता येतो म्हणत व्हते. म्हटलं, कागदावर असंल तर वाचंल.” तिनं किनाऱ्याकडे हात केला. “एवढ्या वाऱ्यात, माझ्या जावा ऐकत व्हत्या त्यांच्यासमोर, दोनदा बोलले मी. आन तुमी भलतंच लिवलंत.”

आत तेराचा पाढा चालला होता.

“आता सावकाश सांगते. परत नाय सांगणार. नि... ज... ण.” ती उठली. “माझी तीन हायत तिथं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागोराव पालघरला गेले. निमतानदार चंद्रभान बोरसे, म्हणजे मोजणीदारांचं काम तपासून त्यावर शिक्का मारणारे वरिष्ठ, खानदेशातले. चार बोटं जाडीच्या काचेचा चष्मा, सहा मोजणीदार त्यांच्या हाताखाली, आणि त्या सहांत नागोराव एकटेच असे, की ज्यांचं टिपण ते न तपासता पुढे पाठवत.

बोरसेंनी सगळं ऐकून घेतलं.

“उंचवट्यावर खाजण लिहिलंत. तुम्ही.”

“होय साहेब.”

“आणि मी न बघता सही केली. म्हणजे गाढव दोन.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आता तुम्हाला ‘ब’ हवाय. स्मशान म्हणून. खुणा काय? दगड? चौथरा? कुंपण?”

“काही नाही. केवडा आहे.”

“केवडा निसर्गानं लावला की माणसानं?”

नागोरावांनी वही मिटली.

“सांगणारं कोण? एक बाई. नागोराव, कागद शनिवारी ठाण्याला जातो. त्याच्या आत गावच्या पाच पुरुषांचा पंचनामा आणा, त्यांनी हद्द दाखवली पाहिजे आणि ती तुम्ही मोजली पाहिजे. नुसतं ‘इथं कुठंतरी’ चालायचं नाही. आणि तुम्हाला चूक लेखी कबूल करावी लागेल, ती सर्व्हिस बुकात जाईल.” त्यांनी खणातून एक कागद काढून टेबलावर उलटा ठेवला. “तुमच्या परभणीच्या बदलीची शिफारस आहे. सोमवारी पाठवणार होतो. बुकात शेरा पडला की ती दोन वर्षं तरी जात नाही. आणि ‘अ’च राहू दिला तर कुणी विचारणार नाही. रेती ती रेती. विचार करा.”

“करतो,” नागोराव म्हणाले.

त्यांनी विचार केला तो स्टेशनवर. परतीच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. इंदुबाईचं पत्र खिशात होतं. त्यात तिनं विचारलं होतं की चैत्रात येणार असाल तर न्हाणीघराचं छप्पर आता करून घेऊ का. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, ‘छप्पर आता करून घ्यावे. माझे येणे लांबेल असे दिसते. टिपणात माझ्याकडून चूक झाली आहे, ती दुरुस्त करायची आहे.’ पत्रात त्या दिवशी नवा शब्द घातला नाही.

होड्या शुक्रवारी सकाळी भरतीबरोबर लागल्या. मासळी उतरवून होईपर्यंत नागोराव किनाऱ्यावर उभे राहिले. आत्माराम तांडेल वल्ह्यासारखा उंच, पांढऱ्या मिशीचा. बाकीचे त्याच्याकडे बघून उठत-बसत.

“तांडेल, एका जागेची हद्द पाहिजे. केवड्याच्या बनातली.”

“तिथं काय नाय,” आत्माराम जाळं झटकत म्हणाला. “रेती हाय.”

“रेती आहे ते मला माहीत आहे. रेतीत काय आहे?”

जाळं झटकायचं थांबलं. बाजूच्या होडीवरचा बळवंत, आत्मारामचा चुलतभाऊ, खाली उतरून उगाच नांगर तपासू लागला.

“कोण बोललं तुमाला?”

नागोरावांनी बोंबलांच्या दोऱ्यांकडे बघायचं टाळलं. “माझ्या वहीत चूक झाली. ती कुणामुळं कळली ते वहीत नाही.”

“आमी त्या जागंचं नाव घेत नाय, सायेब. बाप्यांना तिथलं काय ठावं नसतं.”

“नाव नका घेऊ. उद्यापर्यंत पाच माणसांनी हद्द दाखवली नाही, तर पावसाळ्याच्या आत तिथली रेती टोपल्यांनी उचलतील. उचलणारे परगावचे असतील. वर काय येईल ते त्यांनाही ठावं नसंल.”

बोंबील घालणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. प्रेमला मात्र जोडीमागून जोडी दोरीवर टाकत राहिली, पाठ न वळवता.

आत्मारामनं जाळं खाली ठेवलं. मग सुकाकडे गेला आणि हात पुढे केला.

“आण ती साखळी.”

“तुमी?” सुका म्हणाला.

“तुज्या सायेबाला मोजायचं हाय ना? आण.”

साखळीचं टोक हातात घेऊन तो उंचवटा चढला. नागोराव मागे, सुका त्यांच्या मागे, आणि काही अंतर ठेवून बळवंत आणि आणखी तिघे. बनाच्या दक्षिण टोकाला एका जुन्या केवड्याच्या बुंध्यापाशी आत्माराम थांबला. “इथं.” सुकानं खुंटी ठोकली. तिथून तो वाट नसलेल्या जागेतून वाट असल्यासारखा चालत गेला. एके ठिकाणी सरळ न जाता चार पावलं बाहेरून फिरला आणि पुन्हा रेषेवर आला. साखळी वाकडी झाली तरी नागोरावांनी हटकलं नाही. “इथं.” दुसरी खुंटी. तो कुठंही अडखळला नाही, मागे पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. सहा कोपरे. पंधरा वर्षांत नागोरावांना इतकी बिनचूक हद्द कुठल्या खातेदारानं दाखवली नव्हती. स्वतःच्या शेताचीसुद्धा नाही.

शेवटची खुंटी समुद्राच्या अंगाला होती. तिथून पुढे उतार, मग ओली वाळू, मग पाणी. आत्माराम उतारावर उभा राहून पाण्याकडे बोट करत म्हणाला, “हेच्या पुढं पण व्हतं. दर्यानं नेलं. माजी भैन व्हती तिकडं. तां नका लिवू. तां आता मोजून मिळणार नाय.”

बायका कधी उंचवट्याखाली येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नव्हतं. प्रेमला सगळ्यांच्या पुढे होती. हातातली बोंबलांची जोडी तशीच.

“तुमाला कोणी दाखवलं?” तिनं नवऱ्याला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. पण तीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

“कोणी नाय.”

“मंग?”

आत्माराम साखळी गुंडाळू लागला. ते काम सुकाचं होतं आणि त्याला ते जमत नव्हतं. कड्या एकमेकींत अडकत होत्या.

“होडी येते तवा पयला हा केवडाच दिसतो,” तो म्हणाला. “देऊळ मागून दिसतं, घरं त्याच्या मागून. केवडा दिसला की होडीची नाळ कुठं वळवायची ते ठरतं. तिथनं माणसं बारीक दिसतात, पर दिसतात. तू कुठं बसतंस ते दिसतं.” अडकलेली कडी ओढत तो म्हणाला, “आमी बोलत नाय. बोलायचं नाय म्हणून.”

प्रेमला चढावर आली, त्याच्या हातातली साखळी घेतली आणि अडकलेल्या कड्या एकेक करून सोडवू लागली. जाळ्याची गाठ सोडवणारे हात; दोन मिनिटांत साखळी सरळ झाली. ती तिनं सुकाच्या अंगावर टाकली. “धर रं. सायेबाचं नासवून ठेवलंन.”

बळवंत हसला. मग सगळेच थोडे थोडे हसले, आणि मग कुणी कुणाकडे पाहिना.

पंचनामा शाळेच्या ओसरीवर झाला. गुरुजींनी वाचून दाखवला. दोन सह्या, तीन अंगठे. नावाच्या रकान्यापाशी नागोरावांची लेखणी थांबली.

“नाव नका लिवू,” आत्माराम म्हणाला.

“लिवा,” पायरीखालून प्रेमला म्हणाली. “नायतर परत कोणतरी येऊन भलतंच लिवंल.”

आत्मारामनं मान खाली घातली, नाही म्हटलं नाही. नागोरावांनी लिहिलं. एकदा लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवायचा नियम होता. त्यांनी तो पाळला नाही. वही फिरवून पायरीकडे धरली. प्रेमलाला वाचता येत नव्हतं. तिनं त्या तीन अक्षरांकडे पाहिलं, “एवढंसंच?” म्हणाली आणि कामाला गेली.

शनिवारी बोरसेंनी लाल शाईनं ‘खाजण’ खोडलं, वर ‘निजण’ लिहिलं, ‘अ’चा ‘ब’ केला आणि समासात नागोरावांची सही घेतली. कारणाच्या रकान्यात नागोरावांनी लिहिलं होतं: ‘नाव ऐकण्यात माझी चूक.’ बोरसे म्हणाले, “वाऱ्यामुळे, असं लिहा की. तेवढीच धार कमी होईल.”

“वाऱ्यात बाईनं दोनदा सांगितलं होतं, साहेब.”

बोरसेंनी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि मारला. बदलीचा कागद त्यांनी पुन्हा खणात ठेवला, हळूच.

ती दोन वर्षं पुढं पाच झाली. सासू गेल्यावर इंदुबाईच पालघरला आली. पहिल्यांदा तिला बोंबलाच्या वासानं मळमळायचं. वर्षभरात ती वाणगावच्या मिरच्यांबरोबर त्यांची चटणी करू लागली. बोईसरला तोवर गर्दी झाली होती. स्टेशनाबाहेर टांग्यांच्या जागी एसटीचा थांबा आला, खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, चहाच्या दुकानात हिंदी ऐकू येऊ लागलं. नाहीशा झालेल्या गवताच्या गंजींची आठवण काढणारा नागोरावांसारखा एखादाच.

१९६८ च्या डिसेंबरात, एका रविवारी, इंदुबाईला समुद्र दाखवायला ते एसटीनं निघाले. तिला अजून जवळून समुद्र पाहायचा होता. पालघरला आल्यापासून ते जमलं नव्हतं. गाडीत पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी, दोन-चार कामगार, आणि खिडकीला डोकं टेकून बसलेला एक उत्तरेकडचा तरुण. रस्ता डांबरी आणि सुतासारखा सरळ. दोन्ही बाजूंना सपाट जमीन. तिवराळ्याच्या अलीकडे गाडीनं वेग कमी केला आणि काही कारण नसताना डावीकडे मोठं वळण घेतलं. पाट्या सरकल्या. तरुणाचं डोकं खिडकीवर आपटलं.

“अरे भाई, सीधी जमीन है, ये मोड काहे को दिया?” तो कंडक्टरला म्हणाला. “ना नाला, ना पहाड़!”

“बनानेवाले को मालूम,” कंडक्टर म्हणाला.

“खरंच की,” इंदुबाई बाहेर बघत म्हणाली. “कामून वळवला असंल हो? तिथं तर नुसती रेती आहे.”

“सांगतो,” नागोराव म्हणाले. “पुढं गेल्यावर सांगतो.”

इंदुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग गाडीत पाहिलं. पुढच्या बाकावरची कोळीण बोईसरपासून अखंड बोलत आली होती, सुनेबद्दल, बर्फाच्या भावाबद्दल, जावयानं घेतलेल्या सायकलीबद्दल. ती आता गप्प होती. शेजारच्या दोघीही गप्प. कुणी हात जोडले नाहीत, कुणी बाहेर पाहिलं नाही. तिघींनी मांडीवरच्या पाट्या फक्त दोन्ही हातांनी धरल्या होत्या. खिडकीतून केवड्याची हिरवी रेघ आली आणि मागे गेली. इंदुबाईनं काही न विचारता डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

वळण संपलं. चाकं पुन्हा सरळ झाली.

“...आन दुसऱ्या दिवशी,” कोळीण म्हणाली, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच उचलत, “त्या सायकलीची घंटाच कोणी काढून नेली.”